कॉलेज सुटून बारा वर्षं झाली, आता शिफारसपत्र कुणाकडून आणू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 36. सांगलीतून 2013 साली बीएएमएस. मग लग्न, दोन मुलं, मधली पाच-सहा वर्षं घर आणि नवऱ्याचं मेडिकल दुकान. 2019 मध्ये समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं, म्हणजे सीएचओचं, सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलं आणि 2020 पासून जत तालुक्याच्या पूर्व भागात एका उपकेंद्रावर नोकरी. 2021 च्या पुरात पंधरवडाभर पलूस तालुक्यात ड्युटी. आता अमेरिकेत एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स पदवी) करायचं आहे, एखादा अर्ज ब्रिटनलाही टाकायचा आहे. अमेरिकेतली विद्यापीठं तीन शिफारसपत्रं मागतात. कॉलेजातले सर निवृत्त झालेत. तालुका आरोग्य अधिकारी, म्हणजे टीएचओ, म्हणतात, “ड्राफ्ट करून आणा, सही करतो.” मामा म्हणतात, आमदारांचं पत्र आणून देतो. शेवटी एक ओळ: “ऊसतोडीला जाणाऱ्या बीपीच्या पेशंटचं थोडं काम केलंय, पण ते काही पत्रात लिहिण्यासारखं नाही.”

डॉक्टर, तुमच्या अर्जाची सगळी ताकद या शेवटच्या ओळीत आहे आणि तीच तुम्ही बाजूला सारली आहे. मी मिरज-सांगलीकडे बरीच वर्षं पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, शिकवलं, त्या काळात विद्यार्थ्यांना पुष्कळ शिफारसपत्रं लिहून दिली. आता इथल्या मुलामुलींचे परदेशातले अर्ज तपासून देते. तुमच्यासारखे, म्हणजे कॉलेज सोडून दशक उलटलेले, मध्ये घरी बसलेले, मग सरकारी योजनेत कंत्राटी नोकरी करणारे अर्जदार माझ्याकडे येतात तेव्हा सगळ्यांचा एकच सूर असतो: आमच्याकडे मोठं नाव नाही. मोठं नाव लागतच नाही. तुमचं काम डोळ्यांनी पाहिलेला माणूस लागतो.

आपल्याला हे उमगायला जड जातं, कारण आपल्या शिक्षणात शिफारसपत्राला जागाच नाही. नीट, सीईटी. गुण आले की यादी लागते. त्यामुळे पत्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो दाखला. “सदर उमेदवार माझ्या परिचयाच्या असून त्यांची वर्तणूक चांगली आहे. त्यांच्या उज्ज्वल भवितव्यास शुभेच्छा.” खाली गोल शिक्का. पोलीस पडताळणीला, सोसायटीत भाड्याने खोली घ्यायला हा कागद चालतो. एमपीएचच्या प्रवेश समितीपुढे तो कोऱ्या कागदाइतकाच बोलतो. त्या समितीतल्या माणसाने जत हे नाव कधी ऐकलेलं नसतं. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचे 60-62 टक्के म्हणजे चांगले की बेताचे, हे समितीला गुणपत्रिकेवरून कळत नाही. मूल्यांकन संस्थेने ते अमेरिकी पद्धतीत बदलून दिले तरी बारा वर्षांपूर्वीच्या गुणांवरून आजची तुम्ही दिसत नाही. अर्जासोबतचं निवेदन, म्हणजे एसओपी, तुम्ही स्वतः लिहिलेलं, सीव्हीही तुमचाच. संपूर्ण अर्जात दुसरा कुणी तुमच्याबद्दल बोलतो तो फक्त या पत्रांत. नुकत्याच पास झालेल्या मुलाला ताजे गुण हाताशी असतात. तुमच्यासारख्यांना पत्रांवर जास्त भार टाकावा लागतो.

आमदारांच्या पत्राचं आधी संपवू. नको. मामांना वाईट वाटणार नाही अशा बेताने सांगा, पण नको. आमदारांनी तुम्हाला उपकेंद्रावर काम करताना पाहिलेलं नाही, हे पत्राच्या दुसऱ्या ओळीतच कळतं. मग वाचणाऱ्याला वाटतं, हिला खरं ओळखणारं कुणी मिळालं नसावं. झेडपी सदस्य, कारखान्याचे चेअरमन, रोटरीचे अध्यक्ष, सगळ्यांना हाच नियम. साहेबांनी तुमच्यासोबत एखाद्या समितीत वर्षभर बसून काम केलं असेल तर गोष्ट वेगळी. तसं नाही.

आता “ड्राफ्ट करून आणा.” ही आपल्याकडची इतकी रुळलेली पद्धत आहे की टीएचओ सरांना त्यात काही वावगं वाटलं नसणार, उलट तुमचं काम सोपं केलं असंच वाटलं असेल. कामाच्या माणसाला वेळ नसतो, इंग्रजी लिहायचा कंटाळा असतो, आणि कार्यालयात सगळेच कागद खालून तयार होऊन वर सहीला जातात. रजेचा अर्ज असो, अनुदानाचा प्रस्ताव असो, तोच शिरस्ता. पण प्रवेशाच्या अर्जात तुम्ही लिहून देता की पत्र त्या व्यक्तीचं आहे. तिकडची विद्यापीठं अर्जदाराने स्वतः लिहिलेलं पत्र फसवणूक मानतात. उघडकीला आलं तर अर्ज बाद होतो, प्रवेशानंतर कळलं तर प्रवेश जातो. पत्रावरच्या फोनवर किंवा ईमेलवर विचारणा होते तीही नुसती भीती घालायला सांगत नाही, खरोखर होते.

नीतीचं सोडा, हिशेबानेही ते तोट्याचंच असतं. माणूस स्वतःबद्दल लिहायला बसला की एक तर लाजतो नाहीतर फुगवतो. तुम्ही तर ऊसतोडीचं काम “थोडं” म्हणून मोकळ्या झालात. तुमच्या ड्राफ्टमध्ये ते आलंच नसतं. शिवाय तिन्ही ड्राफ्ट एकाच हातचे. तीन वेगळी माणसं, वेगळ्या खात्यांतली, वेगळ्या वयांची, आणि तिघांनाही तुम्ही “अत्यंत मेहनती, जबाबदार आणि उत्कृष्ट संघभावना असलेल्या” वाटता? वाचणाऱ्याने दिवसभरात पन्नास अर्ज पाहिलेले असतात. हल्ली त्यात चॅटजीपीटीची भर पडली आहे. सर मंडळी दोन ओळी टाकतात, त्याची गुळगुळीत दीड पानं होतात, आणि तिघांचीही एकाच साच्यातून निघतात. पुणे-कोल्हापूरकडे एसओपी आणि पत्रांचं पॅकेज विकणारी मंडळी आहेत, त्यांच्या वाटेला तर जाऊच नका. त्यांचा साचा गावोगावी फिरलेला असतो.

मग टीएचओ सरांना काय म्हणायचं? तोंडावर नाही म्हणायची गरज नाही. “सर, नियमाने मला लिहिता येत नाही, पण तुम्हाला लागेल ती माहिती एका पानावर काढून देते.” बहुतेक जण हे ऐकून घेतात. पण त्याआधी विचारा स्वतःला, टीएचओ सरांकडून पत्र हवंच का? तालुक्यातल्या सगळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांचा आणि त्यांच्या उपकेंद्रांचा कारभार त्यांच्या डोक्यावर. महिन्याच्या बैठकीत तुमच्या उपकेंद्राचा अहवाल टक्केवारीच्या रकान्यात त्यांच्यापुढे येतो. ते तुमच्याविषयी काय सांगणार? “कामगिरी समाधानकारक.” माझ्या मते त्यांना राखीव ठेवा.

खरं पत्र लिहू शकतात ते तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे, म्हणजे पीएचसीचे, वैद्यकीय अधिकारी (एमओ). ऊसतोडीच्या पेशंटबद्दल तुम्ही ईमेलमध्ये जे सविस्तर लिहिलंय ते मी दोनदा वाचलं. दिवाळी आली की तुमच्या गावातली कुटुंबं कारखान्यांच्या टोळ्यांतून बाहेर पडतात ती उन्हाळ्यातच परततात. आशाताईंनी सीबॅक फॉर्म, म्हणजे दीर्घ आजारांच्या धोक्याची तपासयादी, भरले, तिशीच्या वरच्यांचं बीपी तपासलं, गोळ्या सुरू झाल्या आणि ऐन थंडीत माणसं फडावर गेली. परतली तेव्हा गोळ्या बंद होऊन कित्येक महिने झालेले. तुम्ही टोळ्या निघायच्या आधी यादी केली, डॉक्टरांना सांगून आगाऊ गोळ्या मागवल्या आणि कन्नड बोलणाऱ्यांसाठी गोळीचं चित्र आणि वेळ दाखवणारं कार्ड करून दिलं. ही सार्वजनिक आरोग्याची शुद्ध गोष्ट आहे. स्थलांतर करणाऱ्या लोकांच्या दीर्घ आजारांचं काय करायचं हा प्रश्न जगभर अभ्यासला जातो, आणि तुम्ही तो उपकेंद्राच्या स्टॉक रजिस्टरमधून सोडवायला बसलात.

हे कुणी पाहिलं? तुमच्या एमओ सरांनी. मागणीपत्रावर सही त्यांची. म्हणून पहिलं पत्र त्यांचं. ते वयाने तुमच्याहून लहान असतील, एमबीबीएस होऊन बाँडवर आले असतील, तरी काही बिघडत नाही. पत्र लिहिणारा वयाने मोठा हवा असं कुठेच नाही.

त्यांच्याकडून चांगलं पत्र कसं निघतं ते जरा जवळून दाखवते. समजा तुम्ही जाऊन नुसतं म्हणालात, “सर, माझ्यासाठी पत्र लिहा.” ते बिचारे लिहितील: डॉक्टर मॅडम 2020 पासून कार्यरत असून राष्ट्रीय कार्यक्रमांत त्यांचा सक्रिय सहभाग आहे. त्याऐवजी त्यांच्यापुढे मराठीत एक पान ठेवा. त्यावर विशेषणं नकोत, नुसत्या घटना. ‘ऑक्टोबर 2022: ऊसतोडीला जाणाऱ्या पेशंटची यादी तुम्हाला दाखवली. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात असं सुचवलं. तुम्ही आधी नाही म्हणालात, कारण स्टॉक पुरणार नव्हता.’ बस, एवढंच. पुढचं त्यांना आठवेल. मग त्यांच्या पत्रात कदाचित येईल: मी आधी नकार दिला, कारण उपकेंद्राला एका महिन्याचाच साठा मिळतो. चार दिवसांनी त्या शेजारच्या दोन उपकेंद्रांच्या शिल्लक साठ्याचा हिशेब घेऊन आल्या आणि म्हणाल्या, आपल्याकडेच फिरवाफिरव केली तर पुरतं. मी त्यांचं म्हणणं मान्य केलं. पहिल्या वर्षी काही जणांनी गोळ्या मध्येच सोडल्या. दुसऱ्या वर्षी त्यांनी मुकादमांनाही गाठलं.

यात वरिष्ठ आणि तुमचं एकमत नव्हतं, तुम्ही वाद न घालता आकडे आणले आणि पहिल्या वर्षी पूर्ण यश आलं नाही हेही दिसतं. म्हणून ते खरं वाटतं. असा परिच्छेद तुम्ही स्वतःच्या हाताने लिहूच शकत नाही. “मी वाद घातला नाही” हे दुसऱ्यानेच सांगायचं असतं.

आकडे मात्र रजिस्टरमधून काढून द्या. किती जण गेले, किती जणांना आगाऊ गोळ्या दिल्या, परत आल्यावर किती जणांचं बीपी आटोक्यात होतं. आकडा छोटा असला तरी चालेल, पण खरा असू द्या; एमओ सर रजिस्टर उघडून बघतील आणि बघायलाच हवं. पेशंटची नावं कुठेही नकोत. गटप्रवर्तक ताईंनी टोळीचे मुकादम शोधून दिले असं तुम्ही लिहिलंय, त्यांचं योगदानही त्या पानावर टाका. त्यांच्याकडून स्वतंत्र पत्र घ्यावं असं मला वाटत नाही, पण एमओ सरांनी पत्रात त्यांचं एखादं वाक्य दिलं तर उत्तम. हाताखालच्या माणसांना तुम्ही कशा वाटता हे समितीला क्वचितच वाचायला मिळतं.

दुसरं पत्र शिक्षकाचं हवं. अमेरिकेतल्या एमपीएचला निदान एक पत्र अध्ययनाविषयी असावं अशी बहुतेकांची अपेक्षा असते. बारा वर्षांच्या दरीमुळे इथेच सगळे घाबरतात. पण तुम्ही 2019 मध्ये सहा महिने जिल्हा रुग्णालयात शिकत होतात की! वर्ग झाले, क्लिनिकल पोस्टिंग झालं, परीक्षा झाली. त्या प्रशिक्षणात ज्यांनी शिकवलं, त्यांनी तुम्हाला सहा-सात वर्षांच्या खंडानंतर पुन्हा वहीपेन घेऊन बसलेलं पाहिलंय. ‘बऱ्याच वर्षांनी शिकायला आली आणि वर्गात टिकली’ हे सांगणारा माणूस तुमच्यासारख्या अर्जदाराला कॉलेजच्या प्राचार्यांपेक्षा जास्त उपयोगी. तुम्ही प्रश्नात या प्रशिक्षणाचा उल्लेख एका ओळीत केलात, तिथल्या शिक्षकांचा तर केलाच नाहीत. तिथून सुरुवात करा. खंडाचं कारण, मुलं, दुकान, हे मात्र पत्रात कुणी सांगायची गरज नाही. ते तुमच्या निवेदनात दोन वाक्यांत, माफी न मागता.

तिसरं पत्र कॉलेजातल्या निवृत्त सरांचं. कोणते सर? माझं उत्तर: स्वस्थवृत्ताचे. बीएएमएसच्या स्वस्थवृत्तात साथरोगशास्त्र, राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम, पाणी-स्वच्छता हे सगळं येतं, म्हणजे एमपीएचचा पायाच. कायचिकित्सेच्या विभागप्रमुखांचं नाव मोठं असेल, पण धागा जुळतो तो इथे. सरांकडे फोन करून मग प्रत्यक्ष जा. नुसतं “सर, ओळखलंत का” म्हणून उभं राहू नका. त्यांनी बारा वर्षांत शेकडो मुलं पाहिलीत. जुनी प्रॅक्टिकलची वही, त्यांची सही असलेलं जर्नल, तेव्हाच्या गाव-सर्वेक्षणाचा फोटो, जे सापडेल ते घेऊन जा. तुमच्या आताच्या कामाचं एक पान द्या, म्हणजे “तेव्हा सर्वेक्षणात ही मुलगी पुढे होती, आज तेच काम ती करते” असा दुवा त्यांना जोडता येईल. सरांना खरंच काही आठवत नसेल तर रेटू नका. कुणाला काही आठवत नसताना लिहिलेलं पत्र कोमट निघतं, आणि कोमट पत्र नसल्यापेक्षा वाईट.

मागे पलूसला पुराच्या ड्युटीवर ज्यांच्या हाताखाली होतात त्या डॉक्टरांचं पत्र घ्यावं का, असंही तुम्ही विचारलंय. नको. काम मोलाचं होतं, शिबिरातली साफसफाई, लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधक गोळ्या, सगळं खरं. पण ओळख पंधरा दिवसांची. तो अनुभव तुम्ही निवेदनात लिहा.

इंग्रजीचा प्रश्न उरतो. निवृत्त सरांना इंग्रजीत लिहायचा संकोच असेल तर त्यांनी मराठीत सांगावं किंवा लिहावं, भाषांतर तिसऱ्या माणसाने करावं, तुम्ही नाही, तुमच्या नवऱ्यानेही नाही. सरांनी ते वाचून, हवं तिथे बदलून सही करावी आणि तळाला एक ओळ असावी की मूळ मजकूर मराठीत होता आणि अमुक व्यक्तीने भाषांतर केलं. ज्या विद्यापीठाला अर्ज करताय त्यांच्या प्रवेश कार्यालयाला आधी ईमेल करून ही पद्धत चालेल का ते विचारून घ्या. ती मंडळी उत्तर देतात. साधं, थोडं अडखळतं इंग्रजी असलं तरी कुणी हसत नाही. सांगलीतल्या निवृत्त प्राध्यापकाने न्यूयॉर्कच्या वकिलासारखं लिहिलं तर मात्र भुवया उंचावतात.

पत्र मागायचं कसं यावरही थोडं. “पत्र द्याल का?” असं विचारलं की आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही. विचारा, “सर, माझ्या कामाबद्दल तुम्हाला भक्कम लिहिता येईल असं वाटतं का?” म्हणजे त्यांना सुटायला जागा राहते. “बघू”, “पुढच्या आठवड्यात या”, “आधी बैठक होऊ दे” अशी दोन उत्तरं लागोपाठ आली की तो नकार समजा आणि दुसरा माणूस शोधा. एमओ सरांना ओपीडीच्या गर्दीत, लसीकरणाच्या दिवशी किंवा तालुक्याच्या मासिक बैठकीच्या आदल्या दिवशी गाठू नका. ते ऑफिसच्या लेटरहेडला कचरले, जावक क्रमांक कसा टाकायचा असं म्हणाले, तर सांगा की साध्या कागदावर नाव, पद, फोन, सही पुरे. समितीला तुमच्या क्लार्कचं जावक रजिस्टर नको असतं, पत्र लिहिणारा कोण आणि तुम्हाला कसा ओळखतो एवढं कळायला हवं असतं. तुमची एनओसी हा वेगळा विषय आहे, त्यात पत्राची सरमिसळ करू नका.

आता पोर्टल. अमेरिकेतले बरेचसे एमपीएच अर्ज सोफास नावाच्या सामाईक यंत्रणेतून जातात. तिथे तुम्ही पत्र देणाऱ्याचं नाव आणि ईमेल भरता, त्यांना लिंक जाते, ते थेट तिथे पत्र चढवतात. तुमच्या हातातून कागद जातच नाही. ही लिंक हमखास स्पॅममध्ये पडते, म्हणून ईमेल पाठवल्याबरोबर फोन करून “सर, स्पॅम बघा” सांगा. ऑफिसचा किंवा कॉलेजचा ईमेल असेल तर तो द्या. निवृत्त सरांकडे नसणार. मग त्यांचा स्वतःचा जीमेल, पण खरोखर त्यांचा. तुम्ही त्यांच्या नावाने खातं काढून ठेवायचं नाही. सरांना जमत नसेल तर त्यांच्या मुलाने किंवा सुनेने शेजारी बसून मदत करावी. पत्र एकदा चढलं की ते काढता किंवा बदलता येत नाही. म्हणून तुमच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे त्यांना आधीच लिहून द्या. लग्नाआधीचं नाव गुणपत्रिकेवर आहे, आताचं पासपोर्टवर. सरांना तुम्ही जुन्या नावाने माहीत आहात. पत्रात दोन्ही नावं यायला हवीत. बायकांच्या अर्जात ही गफलत मी सारखी पाहते.

त्याच पोर्टलवर तुम्हाला विचारतील, पत्र पाहण्याचा हक्क सोडता का? अमेरिकेत 1974 चा फेर्पा नावाचा कायदा आहे, त्याने विद्यार्थ्याला प्रवेश घेतल्यावर आपल्या नोंदी बघण्याचा हक्क मिळतो. तो सोडा, म्हणजे ‘हो’वर टिक करा. हक्क राखून ठेवला तर वाचणाऱ्याला वाटतं की पत्र लिहिणाऱ्याने हात राखून लिहिलंय. आपल्याकडे लोक नंतर प्रेमाने पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात ते वेगळं, पण तुम्ही मागू नका.

अनेक अर्जांत पत्राबरोबर रकाने भरायचे असतात: बौद्धिक कुवत, लेखन, नेतृत्व, स्वीकारशीलता, आणि समोर ‘वरच्या पाच टक्क्यांत’, ‘वरच्या दहात’, ‘वरच्या पंचविसात’ असे पर्याय. आपले सर लोक कनवाळूपणाने सगळीकडे वरचा पर्याय टिक करतात. त्याने पत्राची किंमत उतरते. एमओ सरांना सांगा, की खरं वाटेल ते भरा, लेखनाला ‘वरच्या पंचविसात’ म्हणालात तरी मला राग नाही. माहीत नसलेल्या रकान्यात ‘पाहिलं नाही’ असा पर्याय असतो, तो बिनधास्त वापरावा. हे वाचणाऱ्यांत कुणी एमबीएवाले असतील तर त्यांच्यासाठी: बऱ्याच बिझनेस स्कूलांत चालणाऱ्या, जीमॅट परीक्षा घेणाऱ्या जीमॅक संस्थेच्या सामाईक पत्रात थेट विचारतात की या व्यक्तीला तुम्ही दिलेली सगळ्यात महत्त्वाची सूचना कोणती आणि तिने त्यावर काय केलं. “काही दोष नाही” हे तिथे उत्तर होत नाही. तुमच्या बॉसने तुम्हाला कधी झापलं होतं ते त्यांना आठवून द्या.

ब्रिटनच्या अर्जाला साधारणपणे दोन पत्रं लागतात आणि कॉलेज सुटून बरीच वर्षं झालेल्यांना नोकरीतल्या वरिष्ठांचं पत्र चालतं. त्या-त्या कोर्सच्या पानावर लिहिलेलं असतं. ब्रिटन सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीचा विचार असेल तर तिला दोन वर्षांचा, म्हणजे 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो. तुमचा त्याहून कितीतरी जास्त भरतो. तिथे दोन संदर्भपत्रं मुलाखतीसाठी निवड झाल्यावर द्यायची असतात, आधी नाही. अमेरिकेसाठीच्या फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीच्या मास्टर्स फेलोशिपमध्ये सार्वजनिक आरोग्य हा विषय आहे आणि किमान तीन वर्षांचा अनुभव मागतात. तुमचं वय आणि तुमची नोकरी या दोन्ही ठिकाणी जमेची बाजू आहे, हे मामांनाही सांगा, म्हणजे आमदारांकडे जायची घाई उतरेल.

वेळेचं गणित. अमेरिकेतल्या बहुतेक अर्जांची मुदत डिसेंबर-जानेवारीत येते. तुम्ही सप्टेंबरात पत्रं मागायची, ऑक्टोबरअखेर ती चढलेली असावीत असा बेत ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये मागितलीत आणि कृष्णेला पाणी आलं तर आरोग्य खात्यातला एकही माणूस तुमच्या हाती लागणार नाही, ते तुम्हाला सांगायला नको. दिवाळीच्या सुट्ट्यांत सर लोक मुलांकडे पुण्याला जातात. एक राखीव माणूस ठेवाच; इथे टीएचओ सर उपयोगी पडतील, पण त्यांनाही तेच एक पान देऊन. मुदतीच्या तीन आठवडे आधी एक आठवण, आठवडाभर आधी दुसरी, फोनवर. त्यानंतरही नाही झालं तर राखीव माणसाचं नाव भरा, संकोच नको.

आणि एमओ सर बदलीच्या यादीत आहेत असं तुम्ही लिहिलंय. बदली झाली तरी पत्र देता येतं, त्यात कसलीच आडकाठी नाही. “2020 ते 2025 या काळात माझ्या देखरेखीखाली” असं लिहिलं की झालं. अडचण होते ती दुसरीच. नव्या जागी गेल्यावर मागणीपत्रं, रजिस्टर, त्या यादीची झेरॉक्स त्यांच्यापुढे नसते आणि आठवणी पुसट होतात. म्हणून पत्रं सप्टेंबरात मागणार असलात तरी ते पान आत्ताच तयार करा, सर इथे असताना त्यांच्याबरोबर अर्धा तास बसा, त्यांना जे आठवतंय ते त्यांच्याच वहीत टिपायला सांगा आणि त्यांचा घरचा ईमेल, खासगी मोबाइल नंबर लिहून घ्या. पीएचसीचा सरकारी नंबर त्यांच्या मागून येणाऱ्या डॉक्टरांकडे जाईल.